डुफीच्या खोलीतली पाहुणी

म्हाताऱ्या बोआतेंगच्या मरणाच्या चाळिसाव्या दिवसाचा भात अजून पातेल्यात होता, तोच भाचा बाफुर मामीच्या खोलीला कुलूप ठोकून मोकळा झाला. कुमासी शहरात हे नवं नाही. घर आईच्या वंशाचं. मामा गेला की भाचा मालक, आणि बायको? ती परक्या घराण्याची, तिनं आपली वाट धरावी. पण या मामीला, तिवाला, वाट होतीच कुठे? माहेरी कुणी उरलं नव्हतं, पोटी पोर नाही. एकतीस वर्षं ज्या अंगणात मालकीणपणा मिरवला, तिथंच बिचारी गाठोड्यावर बसून राहिली.

"मामी, संध्याकाळच्या आत निघा. उगीच तमाशा नको," बाफुर म्हणाला.

कोपऱ्यातल्या खोलीतून डुफी बाहेर आली. ही भाडेकरीण, मासे धुरावर सुकवून विकायची. त्या धुरापायी तिवानं तिला काय कमी छळलं होतं? पण बाई खमकी! भाडे-कचेरीचे कायदे तोंडपाठ. मालकीण असली तरी दाराबाहेरून "अगो", म्हणजे 'येऊ का', अशी साद घालायला लावायची, आणि आतून "अमे", म्हणजे 'या', म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. तिवा नुसती चरफडायची.

आता ही सूड उगवणार, म्हणून तिवानं मान खाली घातली. डुफीनं गाठोडं उचललं.

"उठा मालकीणबाई. आत चला."

"मी? तुझ्याकडे?"

"मग काय रस्त्यावर बसता? चला, चला!"

दार लोटलेलं बघून बाफुरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगो!" तो ओरडला.

आत डुफी कच्ची केळी सोलत बसली होती.

"अगो! ऐकू येत नाही का?"

"येतंय की. 'अमे' म्हणायचं की नाही, ते माझ्या मर्जीवर," डुफी म्हणाली. "वारशात घर मिळालं ना बाबा? त्याच्याबरोबर मीही मिळाले, माझ्या करारासकट. डिसेंबरपर्यंत खोली माझी. इथं पाहुणं कोण राहील, ते मी ठरवणार."

"छपराचे पत्रे उचकटीन!"

"उचकटा. कचेरीतला साहेब पाहणीला आला की शिडी मात्र तुम्हीच धरा हं."

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. दाराला कडीसुद्धा नव्हती, ढकललं असतं तर उघडलं असतं. पण "अमे" न ऐकता बाईच्या खोलीत शिरणाऱ्या मालकाची उभ्या गल्लीत छी-थू झाली असती. बाफुर पाय आपटत निघून गेला.

तिवाला रडू आवरेना. "डुफी, मी तुझी भट्टी लाथाडली होती गं."

"दोनदा. दुसऱ्या खेपेला चाळीस मासे मातीत गेले. विसरले नाही मी."

"मग तरी?"

"अहो, शिव्या देत का होईना, दर वेळी 'अगो' म्हणालात. कधी आत घुसला नाहीत. हक्क माझा होता, पण राखलात तुम्ही."

कसली ही बाई! अकरा वर्षं जिला डोक्याला ताप म्हटलं, तिच्या पायावर डोकं ठेवावं असं तिवाला वाटलं.

डुफीनं केळ्यांची थाळी तिच्यापुढे सरकवली. "खा आता. उद्या अंगण झाडायची पाळी आपल्या खोलीची आहे."

तिवानं त्या अंगणात कधी खराटा हातात धरला नव्हता. तिनं डोळे पुसले.

"किती वाजता उठायचं?"

"पाचला," डुफी म्हणाली. "नियम तुमचाच आहे."