रशीदच्या वजनाचा दिवा

अजराच्या सासरी बाईने सुईदोऱ्याला हात लावला की कौतुक व्हायचं आणि वायरीला हात लावला की कुजबुज. तिचं माहेर दापोलीचं. बापाचं रेडिओदुरुस्तीचं दुकान, आईचा हात जरीकामात बसलेला. लेकीने दोघांचंही उचललं आणि रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या या घरात येऊन भांडी घासत बसली. नवरा रशीद मस्कतला. घरात थोरला दीर, जाऊ आणि त्यांची सात वर्षांची इरम. घर माणसांनी भरलेलं होतं, पण दिवसभराचं मनातलं सांगावं असं त्यात कुणी नव्हतं.

रशीद आधी मासेमारीच्या लाँचीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. तेव्हा तो म्हणायचा, "लाँच खाडीत वळली का पयले घरांतले दिवे दिसतात. मग मी त्यात आपला शोधतंय." अजराने ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं. दोन हजार चारच्या मे महिन्यात तो दोन वर्षांनी सुट्टीवर येणार असं कळलं, तेव्हा तिने ठरवलं की त्याला त्याचे दिवे द्यायचे.

काळ्या कापडावर तिने खाडी भरली, काठावरची घरं भरली आणि प्रत्येक खिडकीत बापाच्या डब्यातला एकेक बारकासा लाल दिवा टाचला. वायर घातली असती तर कापड ताठ झालं असतं, म्हणून सेलची वीज न्यायची ती जरीतून. बाजारची नवी जर प्लास्टिकची निघाली. वरून थाट, आत काही नाही, अगदी थोरल्या दिरासारखी. आईच्या निकाहातल्या ओढणीची जर मात्र खऱ्या धातूची होती. ती उसवताना जीव कळवळला, पण वीज तिच्यातून बिनतक्रार धावली. येणारी रेघ आणि जाणारी रेघ एकमेकींना लागू द्यायची नाही, एवढंच पथ्य. एका घरात नांदणाऱ्या जावांना ते शिकवावं लागत नाही.

कापड भिंतीवर टांगलं आणि खाली बाकावर, रशीदच्या नेहमीच्या जागी, गादी ठेवली. गादीच्या पोटात जरीच्या दोन जाळ्या आणि मध्ये भोकं पाडलेला स्पंज. माणूस बसलं की स्पंज दबायचा, जाळ्या भोकांतून भेटायच्या आणि भिंतीवरचं गाव उजळायचं.

पहिल्याच दिवशी इरम टुणकन बसली आणि सगळ्या खिडक्या लागल्या. "चाची, लागला, लागला!" पोर आनंदाने ओरडली. अजराला मात्र राग आला, लेकरावर यायला नको होता तरी आला. रशीदसाठी लावलेला दिवा आल्यागेल्यासाठी लागावा? तिने स्पंजचा दुसरा थर घातला, इरम बाद झाली. तिसरा घातला, तेव्हा जाऊ आणि दीरही बाद झाले. आखातात जाणाऱ्याची आधी मेडिकल होते. तिथे भरलेलं रशीदचं वजन तिला तोंडपाठ होतं. तेवढं वजन भरेल असा पाटा, वरवंटा आणि तांदळाची गोण गादीवर रचली आणि गाव पुन्हा उजळलं.

"ह्यो दिवा नाय गो, पहारेकरी हाय," जाऊ म्हणाली.

"असू दे, भाभी. त्याला त्याचा मालक वळखता आला पायजे."

शुक्रवारी फोन यायचा. कसा आहेस विचारलं की ठरलेलं उत्तर, "मजेत हाय." तिलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून तिने कधी खोदून विचारलं नाही.

रशीद आला तो भर उन्हात, अंगात जाकीट. दीर म्हणाला, साहेब झाला. शेजारी म्हणाले, बारीक झालास. "परवासाचा शीण," म्हणत तो हसला आणि आपल्या जागी बसला. अजरा चहाचा कप धरून भिंतीकडे बघत राहिली.

एकही खिडकी लागली नाही.

"तुझा पहारेकरी झोपला वाटतं," जाऊ म्हणाली. सगळे हसले. काय प्रकार आहे ते जावेनेच रशीदला रंगवून सांगितलं. तो वळून कापडाकडे बघत राहिला आणि चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दोघे भाऊ नमाजला गेले, तशी अजराने पाटा, वरवंटा आणि तांदळाची गोण गादीवर रचली. सगळं गाव लख्ख उजळलं. टाका तुटला नव्हता, जर काळी पडली नव्हती. तिचं काम चोख होतं, आणि कधी नव्हे ते तिला वाटलं, आपला हात चुकला असता तर किती बरं झालं असतं.

खुंटीवर रशीदची कालची पँट होती. तिच्यातल्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती, एकापुढे एक. दर शुक्रवारचं "मजेत हाय" तिला आठवलं. इकडे आपण तांदूळ रचत होतो आणि तिकडे हा झिजत होता. पोटभर खात नव्हता की आजारी होता, कोण सांगणार? मे महिन्यात जाकीट घालून बसणाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत विचारायचं तिच्या जिवावर आलं.

तिने कात्री घेतली, गादीची शिवण उसवली आणि स्पंजचा एक थर काढला. पुन्हा फसलं तर, या भीतीने दुसराही काढला.

रशीद परतला, बसला आणि खिडक्या लागल्या. तो उठला, पुन्हा बसला. मग मागे वळून शेवटच्या खिडकीवर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो आपला?"

"हां."

"मग काल का नाय लागला?"

"सेल उतरलेले."

"मना वाटला, माझ्यासाठी लागतच नाय." असं म्हणून तो हसला, जुन्या रशीदसारखा, आणि त्याने घरभर हाका मारल्या. दीर बसला, दिवे लागले. जाऊ बसली, लागले. इरम बसली, तरी लागले.

"अजरा, इकडे ये! तू पण बस!"

"आले," ती आतून म्हणाली. तांदळाच्या गोणीमागे लपवायला आणलेले स्पंजचे दोन्ही थर पोटाशी धरून ती तशीच उभी होती. बाहेर इरम बाकावर पुन्हा पुन्हा उडी मारत होती आणि दर उडीला गावातले सगळे दिवे लागत होते.