उजव्या बाजूचा ताप

बूस्टर मी घेतला आणि ताप आला पलंगाच्या उजव्या बाजूला.

दिवेलागणीला चादर बदलायला गेले तेव्हा कळलं. माझी डावी बाजू नेहमीसारखी गार होती. मधली शिवण ओलांडून हात पलीकडे गेला आणि तसाच मागे आला. थर्मामीटर काढला, झटकला, उजव्या उशीच्या घडीत दोन मिनिटं धरला. एकशे एक पॉइंट चार. मग माझ्या काखेत धरून पाहिला. अठ्ठ्याण्णव. डावा दंड दाबून पाहिला, तोही दुखत नव्हता. सकाळी रांगेत बायकांनी काय काय सांगून ठेवलं होतं, दंड भरून येतो, अंग मोडून येतं, दोन दिवस उठवत नाही. मला काहीच होईना. मी ठणठणीत होते आणि त्याचा मला रागच आला.

उजवी बाजू ह्यांची. हे म्हणजे माझे यजमान, विश्वंभर तांबट. एसटीत कंट्रोलर होते. एकतीस वर्षं स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या पुकारल्या. जानेवारीत गेले. आता ऑगस्ट चालू आहे.

मी फोन उघडून पाहिला. दुपारीच मेसेज येऊन पडला होता. विश्वंभर तांबट यांना बूस्टर डोस यशस्वीपणे देण्यात आला आहे. म्हणजे बरोबरच होतं. दंड माझा असला तरी डोस त्यांच्या नावावर पडला होता, आणि ज्याच्या नावावर डोस त्याला ताप. यात मला तरी काही वावगं वाटलं नाही.

चूक कशी झाली तेही सांगते. आमची दोघांची आधार कार्डं एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात आहेत, पाठीला पाठ लावून. हे काम त्यांचंच. एका पाकिटात दोन मावतात तर दुसरं कशाला, असा त्यांचा हिशेब. पुढे त्यांचं कार्ड, मागे माझं. पहिल्या डोसला तेच पाकीट, दुसऱ्याला तेच पाकीट. तिसऱ्यालाही मी तेच काढून टेबलावर ठेवलं. कॉम्प्युटरवरच्या मुलीने वरचा नंबर मारला, मान वर न करता. मी आत गेले, ब्लाउजची बाही वर केली, सुई टोचून घेतली आणि अर्धा तास निळ्या खुर्चीत बसून घरी आले.

मिठाच्या पाण्यात पंच्याची घडी बुडवली, पिळली आणि उशीच्या खळग्यात जिथे कपाळ यायचं तिथे ठेवली. पाच मिनिटांत घडी सुकून कडक झाली. दुसरी ठेवली. तीही सुकली.

तापाची गोळी डब्यात होती. ती मी दिली नाही. का दिली नाही ते सांगायला हवं, नाहीतर मी कैदाशीण वाटेन.

हे घरी बोलायचे नाहीत. भांडायचेही नाहीत, तेवढं केलं असतं तरी चाललं असतं. सगळा आवाज स्टँडवर संपवून यायचे आणि घरी नुसती मान हलवायचे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे मधे बोलणारंही कोणी नव्हतं. चाळीस वर्षं मी बोलले आणि ह्यांनी ऐकलं, किंवा ऐकलं असं मी धरून चालले. ते तोंड उघडायचे फक्त तापात. पहिल्या डोसनंतर एकशे दोन ताप चढला आणि हे पडल्या पडल्या गाड्या पुकारायला लागले. कराडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. मी उशाशी बसून सगळं वेळापत्रक ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या डोसनंतर परत ताप चढला. आटपाडी गेली, मायणी गेली, आणि मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "शालन, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी स्टँडवर..." आणि मी, अक्कल गहाण टाकलेली बाई, म्हणाले, "आधी गोळी घ्या, मग सांगा." घेतली त्यांनी. घाम फुटला, ताप उतरला. सकाळी चहा देताना विचारलं, काय सांगायचं होतं. त्यांनी मान हलवली. "काही नाही," म्हणाले.

ते वाक्य तिथेच राहिलं. जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा कोरोनामुळे दवाखान्यात भेटायला बंदी होती. वॉर्डातल्या सिस्टरने फोन त्यांच्या उशीवर ठेवला. मी इकडून बोलत बसले, तिकडून नुसता यंत्राचा आवाज. एक तास चाळीस मिनिटं मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. भाजीचं वगैरे काहीतरी बोलले असेन.

तर आता ताप आला होता, आणि मला ते वाक्य हवं होतं. म्हणून गोळी दिली नाही.

मी माझ्या बाजूला आडवी झाले आणि कान लावला. पंख्याचा आवाज होत होता, तो बंद केला. फ्रिज घुरघुरत होता, त्याचं बटण दाबलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. खिडक्या लावून घेतल्या. नळाखाली फडकं ठेवलं. एकेक आवाज काढत गेले तसं घर आकसत गेलं, आधी स्वयंपाकघर गेलं, मग बाहेरची खोली, आणि शेवटी नुसता पलंग उरला. हे काही बोलले नाहीत. उजवी बाजू नुसती तापत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नसीमाभाभी आल्या. खिडक्या बंद दिसल्या म्हणून आल्या. आमची भिंत एकच आहे. त्यांनी आत येऊन उशीवर हात ठेवला.

"शालनताई, अंग चांगलंच भाजतंय की."

"कालपासून आहे."

"गोळी दिली का?"

"देते," मी म्हणाले.

"त्यांना दुसऱ्या डोसलापण असंच झालं होतं. तुम्हाला काही त्रास?"

"मला काय होतंय."

भाभी घरी गेल्या आणि पातेलीभर पेज घेऊन आल्या. तूप जिरं घातलेली. मी वाटी उजव्या बाजूला ठेवली आणि तोंड फिरवून बसले, कारण कोणी बघत असलं की ह्यांना जेवण जात नाही. वळून पाहिलं तर दोन चमचे पेज कमी झाली होती.

"काही बोलतात का?" भाभींनी जाताना विचारलं.

"नाही."

"अशक्तपणा असतो," त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून गेल्या.

दुपारपासून ताप उतरायला लागला. पायांकडून उतरला. आधी पायथ्याची चादर गार झाली, मग गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. मी हात फिरवत होते आणि गार जागा वर सरकत होती. मला धडकी भरली. कपाटातून दोन्ही रग काढून घातले. गरम पाण्याची पिशवी भरून पायथ्याला ठेवली. गादी गरम झाली, पण गरम गादी वेगळी आणि ताप वेगळा, हे एवढ्या वर्षांत मला कळतं. पिशवी काढून टाकली.

मग मी त्यांना सांगितलं. म्हटलं, अहो, मी गोळी दिली नाही. तुम्हाला कढत ठेवलंय एका वाक्यासाठी. तुम्ही काय असेल ते बोलून टाका, मी लगेच गोळी देते. त्या दिवशी स्टँडवर काय झालं? कोणत्या दिवशी? आपलं लग्न ठरलं त्या दिवशी, की माझी आई गेली आणि तुम्ही गाडी चुकवलीत त्या दिवशी? मी रागावणार नाही. वाईट असेल तरी सांगा. चांगलं असेल तर लवकर सांगा.

आणि मग आणखी एक सांगितलं, जे भाभींनाही सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या मुलीने नंबर मारला तेव्हा विचारलं होतं. "विश्वंभर तांबट, हेच ना?" मला नीट ऐकू आलं होतं. वर त्यांचं कार्ड आहे हे मला दिसत होतं. पण सात महिन्यांत त्यांचं नाव असं कोणी घेतलं नव्हतं, ते रांगेतच उभे असल्यासारखं. मी "हो" म्हणाले. चूकबिक काही नव्हती. मला एकटीने सुई टोचून घ्यायची नव्हती, एवढंच.

मी उजव्या बाजूवर हात फिरवून पाहिला. गारवा छातीपर्यंत आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फक्त उशी गरम होती. थर्मामीटर शंभराच्या खाली गेला होता. मी घड्या ठेवत होते, पण आता घड्या सुकत नव्हत्या. पाणी उशीत मुरत होतं. दहा वाजता उशीवर हाताच्या पंज्याएवढी जागा उरली. मी घाबरून गोळी कुटली, चमच्यात पाण्यात कालवली, आणि परत ठेवून दिली. द्यायची वेळ निघून गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. बंद घरात तो फार मोठ्याने वाजला.

"दवाखान्यातून दीपाली सिस्टर बोलतेय. विश्वंभर तांबट आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले.

"आधीच्या डोसला ज्यांना ताप आला होता त्यांची चौकशी करतोय. या वेळी कसं आहे?"

"ताप होता. उतरतोय."

"तुम्ही कोण?"

"मी घरातली."

"त्यांना फोन द्या ना. पेशंटशीच बोलायला सांगितलंय."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि उशीवर त्या पंज्याएवढ्या जागेत ठेवला. दुसरं काय करणार होते.

"नमस्कार काका," सिस्टर म्हणाल्या. "कसं वाटतंय?"

मी श्वास धरला. खोलीत काहीच आवाज नव्हता.

"हो का," सिस्टर म्हणाल्या. "डोकं दुखतंय? ... अंग? ... बरं, बरं. जेवण जातंय का?"

मी उशीकडे पाहत राहिले.

"पेज चालेल. पाणी भरपूर प्या." मग त्या हसल्या. मोकळं हसल्या. "काका, तुम्ही अजून गाड्या पुकारताय की."

मी उशीजवळ कान नेला. कापसाचा वास येत होता आणि थोडा मिठाच्या पाण्याचा. त्यांचा आवाज नव्हता. तो माझ्या कानाशेजारून फोनमध्ये जात होता आणि दवाखान्यात पोचत होता, आणि मधे मी बसले होते.

"हं," सिस्टर म्हणाल्या. "हं... कधीची गोष्ट ही?"

मग त्या ऐकत राहिल्या. मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होत्या. मी फोनच्या काचेवर वेळ पाहिली. चार मिनिटं झाली, मग पाच. एवढं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला सिस्टरचा हेवा वाटला, मग स्वतःची लाज वाटली, मग नुसतं रडू आलं.

"काका," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदललेला होता. "हे मला कशाला सांगताय? हे काकूंना सांगायचं ना."

"सिस्टर," मी म्हणाले, "मी इथेच आहे. काय म्हणाले ते मला सांगा."

"आवाज तुटतोय काका, परत बोला."

"मी शालन बोलतेय. काय म्हणाले?"

"आता ऐकू येतंय. बोला," सिस्टर म्हणाल्या, पण मला नाही. थोडं थांबून म्हणाल्या, "कोणीच नाही? कधीपासून एकटे आहात?"

मी घडी पाण्यात बुडवली, पिळली आणि फोनच्या शेजारी ठेवली. हात काढला नाही. हाताखाली बोटभर जागा अजून कोमट होती.

"पण काका," सिस्टर म्हणाल्या, "घरी कोणी नाही म्हणता, मग मघाशी फोन कोणी उचलला? आणि कपाळावर घड्या कोण ठेवतंय?"

ते काय सांगतात म्हणून सिस्टर थांबल्या. मीही थांबले. घडीतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आलं, हाताखालची ती बोटभर जागा गार झाली, आणि माझा डावा दंड ठणकायला लागला.