दुसरं पाणी

दत्तोपंतांना कॉफी जमत नाही, असं कर्जतात कोणी म्हणालं असतं, तर सरांचे दोन पिढ्यांचे विद्यार्थी त्याच्या अंगावर धावून गेले असते. सरांची कॉफी म्हणजे काय साधीसुधी गोष्ट होती होय? बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. त्याच्या घरात चमचासुद्धा अंदाजाने हलत नसे.

फिल्टर पितळेचा, दोन मजली, कॉलेजात असताना माटुंग्याहून आणलेला. पूडही माटुंग्याचीच, महिन्यातून एकदा स्वतः जाऊन दळून आणायची, ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी. दुकानदाराने हात सैल सोडून पंचवीस भाग चिकोरी घातली, तर सर पहिल्या घोटाला ओळखायचे आणि पुढच्या फेरीत त्या बिचाऱ्याची शाळा घ्यायचे. पाणी उकळलं की लगेच ओतायचं नाही, ऐंशीपर्यंत आकडे मोजायचे. पूड थोपटायची, पण दाबायची नाही. त्यानंतर पंधरा मिनिटं फिल्टरला कोणी हात लावायचा नाही आणि ओट्यावर भांडंही आपटायचं नाही, धक्क्याने अर्क गढूळ होतो म्हणे. अर्क हा सरांचाच शब्द. साखर अर्धा चमचा, तीही नाइलाज म्हणून. आणि दुसरं पाणी? नाव काढू नका. एकदा अर्क उतरला की पूड मेली, तिच्यावर पुन्हा पाणी ओतणं म्हणजे शुद्ध फसवणूक, असं ते पाहुण्यांनाही ऐकवायचे. चोथा बायकोच्या हवाली करायचे, मोगऱ्याला घाल म्हणून.

त्या बायकोची, सुचेताबाईंची कॉफी अगदी दुसऱ्या टोकाची. चहाच्या पातेल्यात उकळलेली, म्हशीच्या दुधाची, भरपूर साखरेची आणि वर जायफळ किसलेली. रोज दुपारी चार वाजता त्या ती करायच्या आणि न विचारता अर्धा कप सरांसमोर ठेवायच्या. सर पहिल्या घोटाला म्हणायचे, "ही कॉफी नाही, खीर आहे." आणि कप मात्र तळापर्यंत रिकामा करायचे. अडतीस वर्षं हे असं चाललं. बाईंनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, नुसत्या गालात हसायच्या आणि कप उचलून न्यायच्या.

गेल्या मार्गशीर्षात सुचेताबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप आणि तिसऱ्या दिवशी खेळ खलास. सरांनी तेराव्यानंतर फिल्टर धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. एकट्यासाठी आकडे मोजत उभं राहायचं, आणि कशासाठी? सकाळी ते चहाच घेऊ लागले, तोही कपात बुडवायच्या पुडीचा.

पण चार वाजले की जीव कासावीस व्हायचा, आणि हा सरांना अजिबात अपेक्षित नसलेला प्रकार होता. आठवण आपल्या कॉफीची यायला हवी होती, येत होती त्या खिरीची. सुरुवातीला त्यांनी दुर्लक्ष केलं. मग एका दुपारी राहवेना, म्हणून उठून पातेलं चढवलं. बाईंचा कॉफीचा डबा उघडला, तर तळाशी कसलीशी काळपट, कोरडी, वास उडालेली पूड होती. शिळी, सर मनाशी म्हणाले आणि सगळी केराच्या टोपलीत झटकली. बाजारातून नवी आणली. दूध, साखर, जायफळ, सगळं मोजून घातलं आणि घोट घेतला. कडूजहर. साखर वाढवली तर गोड कडूजहर. पूड कमी केली तर नुसतं दूध.

तेव्हापासून सरांनी वही ठेवली. रसायनशास्त्राचाच माणूस, दुसरं काय करणार? पूड इतकी, पाणी इतकं, उकळी इतकी मिनिटं, जायफळाची इतकी वळणं. मुलाने, देवव्रतने, बंगळूरूहून तीन तऱ्हांची कॉफी पाठवली. तिचीही त्याच वहीत वाट लागली. सत्तेचाळीस प्रयोग झाले आणि प्रत्येकापुढे एकच शेरा, 'नाही'.

आता वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. देवव्रतने फोनवर विचारलं की पानात आईच्या आवडीचं काय करायचं, अळूवडी की पुरणपोळी. सर म्हणाले, ते तुम्ही काय करायचं ते करा, मी तिची कॉफी ठेवणार आहे. म्हणाले खरे, पण फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला. कारण एक गोष्ट त्यांनी मुलालाही सांगितली नव्हती. ती चव त्यांच्या जिभेवरून उतरत चालली होती. महिन्याभरापूर्वी डोळे मिटले की ती यायची. आता यायचा तो नुसता जायफळाचा वास, आणि त्याच्या मागे काही नाही. सत्तेचाळिसावा प्रयोग चुकला, हे तरी त्यांना कळलं होतं. पन्नासावा चुकला तर कळेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. सुचेताचा चेहरा फोटोत होता, आवाज मुलाच्या मोबाइलमध्ये होता. ही एकच गोष्ट कुठेही ठेवलेली नव्हती, आणि त्यांना ती हवी होती. फार हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खोपोलीच्या गाडीत बसले आणि बाईंच्या माहेरी, खालापूरला गेले. मेहुणे योगेंद्र आणि त्यांच्या पत्नीने आदराने बसवलं, जेवू घातलं. कॉफीचं विचारल्यावर मात्र दोघं एकमेकांकडे बघत राहिले. योगेंद्र म्हणाले, आमच्याकडे कुठली आली कॉफी? आम्ही चहाची माणसं. सुचेता कॉफी पहिल्यांदा प्यायली ती तुमच्या घरी. पहिल्या दिवाळसणाला आली तेव्हा कौतुकाने सांगत होती, की आमच्याकडे कॉफीला पंधरा मिनिटं हात लावायचा नसतो. येताना योगेंद्रांच्या पत्नीने परसातल्या झाडाची चार जायफळं रुमालात बांधून दिली.

आता काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ज्या माणसाला विचारायचं, तो माणूस रोज सकाळी सातला सरांच्या पायरीवर येऊन उभा राहत होता.

सोनाबाई दहिवलीची. दोन म्हशी, आणि तीस वर्षांपासून सरांकडे दुधाचा रतीब. बाई होत्या तोवर ती सरळ स्वयंपाकघरात जायची आणि चांगली अर्धा तास बसायची. सर तेव्हा आपला अर्क पिऊन नदीकडे फिरायला गेलेले असायचे. बाई गेल्यावर तिने दारातूनच दूध ओतायला सुरुवात केली. सर पातेलं धरायचे, ती दूध घालायची, बास. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते उमगत नव्हतं.

खालापूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सर पहाटेच प्रयोगाला बसले होते. अठ्ठेचाळिसावा. सोनाबाईने हाक मारली आणि ते पातेलं घ्यायला वळले, तेवढ्यात कॉफी उतू जाऊन शेगडीभर झाली. करपट वास बाहेर गेला. वर्षभर उंबरा न ओलांडलेली सोनाबाई तडक आत आली, गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि पुसता पुसता ओट्यावरची वही, डबे, चमचे, जायफळ, सगळं तिच्या नजरेत भरलं.

तिने विचारलं की हे काय चाललंय. सरांनी सांगून टाकलं. सगळंच सांगितलं, वर्षश्राद्धाचं, खालापूरचं, आणि चव विसरत चालल्याचंही. म्हातारा माणूस दूधवालीसमोर उभा राहून हे सांगतोय, याची त्यांना त्या क्षणी लाजही वाटली नाही.

सोनाबाई पाटावर बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "कोऱ्या पुडीची ती कॉफी व्हायचीच नाय. ती तुमच्या चोथ्याची हाय."

सरांना आधी समजलंच नाही.

"तुमी पिऊन गेलाव की वैनी त्यातल्या निम्म्या चोथ्यावर पानी घालायच्या आनि उकळायच्या. एक कप त्यांना, एक मला. उरला निम्मा चोथा तसाच मागच्या दारी ताटलीत वाळवायचा नि डब्यात भरायचा, चार वाजताच्याला."

सर म्हणाले, चोथा तर मोगऱ्याला जात होता. सोनाबाई म्हणाली की मोगऱ्याला जायचा, पण सगळ्यांचं पिऊन झाल्यावर.

मग तिने बाईंच्या तोंडून ऐकलेलं बाकीचंही सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात घरी पाहुणे आले आणि सुचेताबाईंनी हौसेने सगळ्यांना फिल्टरची कॉफी पाजली. महिना संपायच्या आत पूड संपली. रुळांवर पाणी आलेलं, गाड्या बंद, माटुंगा कुठलं गाठताय. सर चार दिवस बिनकॉफीचे राहिले आणि चार दिवस बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून बाईंनी त्या पुडीच्या डब्याला हात म्हणून लावला नाही. पण कॉफीची गोडी तर लागली होती. मग सरांनी मेली म्हणून टाकून दिलेली पूड त्यांनी आपली मानली.

सरांना ते चार दिवस आठवत होते का? नव्हते. नीट आठवू पाहिलं तरी नव्हते. अडतीस वर्षं ज्यावर एवढं सगळं चाललं, ते आपल्याला आठवूही नये, याचंच त्यांना जास्त लागलं. आणि तो डबा! वास उडालेली, काळपट, कोरडी पूड. शेवटच्या आजाराआधी तिने आपल्या हाताने वाळवून भरून ठेवलेली, चार-पाच दुपारी सहज पुरली असती इतकी. ती त्यांनी शिळी म्हणून केरात झटकली होती. स्वतःला जाणकार म्हणवणारा हा माणूस, त्याला आपल्याच कॉफीचा चोथा ओळखता आला नाही. सर खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. सोनाबाईने रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तिला राग होता का गं माझा?"

"राग?" सोनाबाई म्हणाली. "मीच बोलायची, वैनी, एकदा पैल्या पानीची करून बघा की. तर म्हनायच्या, नको गं. कडू कडू त्यांनी पिऊन घेतलं की माझ्या वाट्याला निवळ येतं. आनि ते पिऊन गेले नाय तर माझी व्हायची कशी?"

ती घागर उचलून निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली की आधी तुमची करा, मास्तर.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सर साडेपाचला उठले. देवव्रत आदल्या संध्याकाळी आला होता, तो अजून झोपेतच होता. गुरुजी यायला अवकाश होता. सरांनी स्टूल घेऊन माळ्यावरचा फिल्टर काढला, चिंचेने घासला. आदल्या दिवशी माटुंग्याहून आणलेली पूड थोपटली, दाबली नाही. पाणी उकळल्यावर ऐंशीपर्यंत मोजलं, साठीच्या आसपास आकडा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि पाणी निवलं म्हणून परत तापवलं. सगळे चोचले यथासांग झाले. पंधरा मिनिटं ते फिल्टरसमोर हात बांधून उभे होते. अर्क उतरला, काळाभोर, वर्षभरापूर्वी उतरायचा तसाच. सरांनी तो बाजूला ठेवला.

मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उतरलेल्या पुडीवर दुसरं पाणी घातलं. पातेल्यात उकळलं, दूध घातलं, साखर बाईंच्या हिशेबाने घातली, खालापूरचं जायफळ किसलं. तेवढ्यात सोनाबाई आली, आणि आज ती हाक न मारताच आत आली.

सरांनी एक कप तिला दिला, एक आपण घेतला. घोट घेतला. सोनाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सरांनी दुसरा घोट घेतला आणि नुसती मान हलवली. तीच होती. तंतोतंत तीच, चार वाजताची, पायाखालच्या थंड फरशीसकट. वही समोरच होती, पण एकोणपन्नासाव्या प्रयोगापुढे काही लिहावं असं त्यांना वाटलं नाही.

सोनाबाई म्हणाली की आता वैनींचा कप भरा, थंड होईल. पातेल्यात अजून एक कप शिल्लक होता. सरांनी पातेल्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

त्यांनी बाजूला ठेवलेला अर्क घेतला, पहिल्या पाण्याचा. चांगल्या कपात ओतला, वर गरम दूध घातलं. अर्धा चमचा साखर घातली, थोडं थांबले, आणि आणखी दोन चमचे घातली. मग फिल्टरच्या कॉफीत जायफळ घालणाऱ्याला ज्या माणसाने जन्मभर अडाणी म्हटलं होतं, त्याने त्या कपावर स्वतःच्या हाताने जायफळ किसलं. सुचेताबाईंच्या फोटोसमोर पाट मांडलेला होता. सरांनी कप त्यावर ठेवला.

"पहिल्या पाण्याची आहे," ते म्हणाले. "घे."

नंतर ते स्वयंपाकघरात आले आणि पातेल्यात उरलेली दुसऱ्या पाण्याची कॉफी आपल्या कपात ओतून घेतली.