मागच्या सीटवरचा गॅस

दत्ताराम पायलटाला कोणी "बरो आसस मरे?" असं विचारलं, तरी तो आधी विचारणाऱ्याच्या हाताकडे बघायचा. ह्याला आपल्याकडून काय हवंय, कशासाठी हात पुढे येतोय, हे आधी बघून घ्यायचं, मग उत्तर द्यायचं. डिचोलीच्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलींवर भाडं मारणारे असे बारा जण होते. गोव्यात त्यांना पायलट म्हणतात, विमानाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. बारांत दत्ताराम सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत शंकेखोर. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, दिलेला उंडो पाव तो दाबून बघायचा, दुकानदाराचा तराजू उचलून बघायचा. गोव्याचं घटकराज्य झालं त्या दिवशी स्टँडवर पेढे वाटले, तेव्हा सगळे नाचत होते आणि हा पेढा हातात धरून विचारत होता, "पैसे कोणी दिल्यानी पेढ्यांचे?" ते काही शेवटपर्यंत कळलं नाही. पेढा मात्र त्याने खाल्ला.

अशा माणसाच्या नशिबी जावई आला तो किरण. बेळगावकडचा, घाटावरच्या एका केमिकल फॅक्टरीत परमनंट, राहायला कंपनीचं क्वार्टर, डोक्याने तल्लख आणि बोलायला सरळ. सरळ माणसाचं करायचं काय, हे दत्तारामाला कधी कळलंच नाही. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तो जावयात खोट शोधत होता, आणि सापडत नव्हती म्हणून संशय आणखीच वाढत होता. एवढा चांगला, म्हणजे काहीतरी असणारच.

राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळी सरल्यावरच्या एका शुक्रवारी किरण आणि दत्तारामाची लेक पल्लवी त्याच्या गावी, डिचोलीजवळच्या सर्वणला आली. आली ती ट्रकातून. सोबत कपड्यांची बॅग आणि एक लालभडक लोखंडी सिलिंडर, कमरेइतका उंच, दोघांनी धरून उतरवावा लागला एवढा जड. दत्तारामाची बायको सिंधू भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. लेक-जावयावरून ओवाळून झालं, पण तिसऱ्या पाहुण्यावरून ओवाळायचं की नाही ते तिला कळेना. शेवटी त्याच्यावरूनही तिने ओवाळून टाकलं.

चहा झाल्यावर किरणने सांगायला घेतलं. "मामा, आमच्या फॅक्टरीत मिठाच्या पाण्यात वीज सोडून कॉस्टिक काढतात. त्याच्याबरोबर हायड्रोजन नावाचा गॅस निघतो. तो फुकट हवेत सोडून देतात. मी साहेबांना विचारून हा भरून आणलाय. हा गॅस इंजिनात जळतो. धूर नाही, काजळी नाही, मागून नुसतं पाणी पडतं."

"पाणी," दत्ताराम म्हणाला.

"पाणी. मी त्याचं किट बनवलंय. तुमच्या बुलेटला बसवतो, तुम्ही चालवून बघा. भागीदार तयार आहे. तुम्ही 'कामाची आहे' म्हणालात, की सोमवारी मी राजीनामा देतो आणि डिचोलीच्या स्टँडपासूनच धंदा सुरू करतो. तुमच्या शब्दावर बाराही पायलट गाड्या देतील."

सोमवार म्हणजे मध्ये दोनच दिवस. परमनंट नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, पोरीचा संसार एका लाल नळकांड्यावर येऊन बसणार. दत्तारामाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पल्लवी तिथे टेकून उभी होती, खाली बघत, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत. ही पण सामील, त्याने मनात म्हटलं, आणि मग दोन दिवस तो लेकीशी धड बोललाच नाही.

शनिवारी किट बसलं. किरण पाना फिरवत होता आणि दत्ताराम मासळीजवळच्या मांजरासारखा पाट टाकून शेजारी बसला होता. कुठेतरी पेट्रोल लपवलेलं असणार, ह्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. बघता बघता त्याने स्वतःच टाकी काढली, उपडी करून थेंबन् थेंब डब्यात ओतला. पेट्रोलची नळी काढली. कार्बुरेटरचं भांडं सोडवून काढलं. हे सगळं पत्र्याच्या पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"जावयबापू, आता सांगा, पेट्रोल खंय लपयलात?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. किरणने मोटारसायकल आडवी करून दाखवली. "बघा मामा, खालूनही बघा."

मागची सीट काढून तिथे लोखंडी सांगाडा आला, सांगाड्यावर सिलिंडर आडवा बांधला गेला. पहिल्या किकला फाट्‌ करून असा बार उडाला की शेजारच्या कोंबड्या संध्याकाळपर्यंत परतल्या नाहीत. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. सायलेन्सरच्या तोंडाशी हळूहळू थेंब जमले. दत्तारामाने बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावून पाहिलं.

"पाणीच मरे ह्या," तो म्हणाला. कोणाची तरी मयत झाल्यासारखा त्याचा आवाज झाला होता.

मग राहिला देव. आमच्याकडे नवी गाडी, नवं काम, काहीही असो, देवळात कौल लावल्याशिवाय पुढे पाऊल नाही. गुरव मूर्तीवर पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रविवारी सकाळी दत्ताराम देवापुढे उभा राहिला आणि विठू गुरवाकरवी एकच प्रश्न विचारला, "जावय माका फसयता काय?" क्षणभरात डावी पाकळी पडली. फसवत नाही. दत्तारामाने नमस्कार केला, पण बाहेर येताना त्याची नजर विठूच्या बोटांवर होती. डाव्या पाकळीला पाणी कमी तर लावलं नाही ना ह्याने? आता देवाच्या गुरवावरही भरवसा नाही म्हटल्यावर ह्या माणसापुढे कोण काय करणार?

गाडी घेऊन निघताना किरण मागून आला. "मामा, तीस किलोमीटर जाईल, त्याच्या पुढे नाही. हा काटा बघत राहा. मीही आलो असतो, पण..." त्याने बसायला जागा शोधली. सगळी जागा सिलिंडरने घेतलेली. तो कसनुसं हसला. "तुम्ही एकटेच जाऊन या."

दत्तारामाच्या मनात होतं, डिचोलीपर्यंतच बंद पडणार. पडली नाही. स्टँडवरच्या पायलटांनी टाळ्या वाजवल्या तरी थांबला नाही तो. मुळगावला खाणीकडचा चढ आहे, तिथे लोड केलेले ट्रकसुद्धा रडतात. तिथे नक्की मरणार. गाडी चढ चढून गेली. बरं, मग अस्नोड्याला. तिथेही नाही. आता दत्ताराम पेटला. गाडी जितकी चांगली चालत होती तितका त्याला राग येत होता. काट्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, कारण काटा जावयानेच बसवलेला, त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो? कुठेतरी लबाडी उघडी पडेल ह्या आशेने तो शेतं, बागा, वाड्या मागे टाकत पुढे पुढे गेला आणि थेट हळर्णच्या पडक्या किल्ल्याजवळ पोचला. खोटं पकडायच्या नादात परत जायचं आहे, हे मात्र तो साफ विसरला होता.

हळर्णच्या तिठ्यावर यशोदा उभी होती. पंधरा वर्षांचं त्याचं गिऱ्हाईक, डिचोलीच्या बाजारात भाजी विकणारी, लेकीच्या घरून परत निघालेली. दत्तारामाला बघून तिचा चेहरा खुलला.

"देव पावलो. बस चुकली माजी." तिने टोपली काखोटीला मारली, लुगडं सावरलं आणि बसायला मागे गेली. मग थांबली. "हो कोण बसलो हा मागे?"

"गॅस," दत्ताराम म्हणाला.

"मगे मी बसू खंय? तेच्या मांडयेर?"

आयुष्यात पहिल्यांदा दत्तारामाने ओळखीचं भाडं सोडलं. यशोदा टोपली घेऊन सावलीला जाऊन पुढच्या बसची वाट बघत बसली आणि तो वळला.

अस्नोड्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. खोकली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. जावयाने सांगितलेलं तंतोतंत खरं होतं, तीस म्हणजे तीस. आधीच बुलेट म्हणजे रेडा, त्यात पाठीवर पस्तीस किलो लोखंड. चढावर ढकलता ढकलता दत्तारामाला घाम फुटला. नाक्यावरच्या दुकानात बाटलीतून पेट्रोल मिळत होतं. पण ते घालणार कुठे? टाकी, नळी, भांडं, सगळं सर्वणच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली ह्याच्याच कमरेला. किल्लीवर हात ठेवून तो तिथेच रस्त्याच्या कडेला बसला. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

शेवटी चिरे वाहणारा एक ट्रक रिकामा परतत होता, त्यात चौघांनी गाडी चढवली. दत्ताराम मागे सिलिंडरला टेकून बसला. देव खरं बोलला होता. विठूच्या बोटात काही नव्हतं. जावयाच्या मनात काही नव्हतं, काटाही खरा होता. चुकला होता तो त्याचा प्रश्न. जन्मभर त्याने एकच विचारलं होतं, खरं की खोटं. खरी असूनही कामाची नाही, अशी गोष्ट असते, हे त्याच्या टकुऱ्यात कधी आलंच नव्हतं. आणि आता तर मोठीच अडचण होती. लबाडाला लबाड म्हणायला त्याला क्षणभरही लागला नसता. खऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं, ते त्याला येत नव्हतं.

सर्वणला घरासमोरच्या वळणावर किरण उन्हात उभा होता. ट्रकात सासऱ्याला बघून धावत आला. "मामा, लागलं नाही ना कुठे?" गाडीचं त्याने नंतर विचारलं. "कुठवर गेली?"

"हळर्ण."

किरणचा चेहरा असा उजळला की दत्तारामाला वाटलं, म्हणून टाकावं होय. पोरगा किती खूश होईल. पण दारात पल्लवी येऊन उभी राहिली होती.

"हो नळो संपलो, मगे?" त्याने विचारलं.

"फॅक्टरीतून दुसरा आणायचा."

"कशान?"

"ट्रकने."

"ट्रक कशार चलता?"

"डिझेलवर."

"एवढ्या लोखंडात गॅस किती? पेट्रोलाच्या हिशोबान सांगा."

"एक लिटरभर," किरण हळू आवाजात म्हणाला. खोटं सांगणं त्याला जमतच नव्हतं.

"हळर्णाक यशोदा भेटली. पंधरा वर्सां माज्या मागे बसता ती. आज तिका तिठ्यार सोडून इलंय, जागाच नाय म्हणान. मागची सीट गेली तर पायलट कसलो, जावयबापू? नुसतो गाडी फिरवणारो."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही," किरण म्हणाला.

"आसा," दत्ताराम म्हणाला. "दोन वर्सां नव्हतो. आज आसा. गाडी चलता, पाणी पडता, तुमी बोललात ता सगळा खरा. म्हणानच सांगतंय, नोकरी सोडू नका."

"टाक्या हलक्या होतील मामा. मोठ्या गाड्यांना, बसला जमेल. गॅसचे पंप निघतील कधीतरी."

"निघतले. त्या दिवशी पयलो मी गाडी आणतंय, माका आवतण करा. पण फाल्यां सोमवार आसा, आणि फाल्यां काय पंप निघूचो नाय."

हात धुऊन किरण मागल्या पडवीत जाऊन बसला आणि जेवायलाही उशिरा आला. त्याचं मन मोडलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. सोमवारी उजाडताच मात्र त्याने स्वतःच्या हाताने सिलिंडर सोडवला, सांगाडा काढला, दत्तारामाने दिलेल्या किल्लीने पेटी उघडून टाकी, नळी, भांडं जागच्या जागी बसवलं आणि मागची सीट घट्ट आवळली. मग रिकामा सिलिंडर घेऊन तो ट्रकने पुढे गेला, दुपारची पाळी चुकवायची नाही म्हणून. पल्लवीला डिचोलीच्या स्टँडवर आणून बसमध्ये बसवायचं काम बापावर आलं.

दोघं सर्वणच्या बाहेर पडली. मग ती मागून म्हणाली, "बाबा, मीच तेंका सांगलंय, आधी बाबांका दाखवा म्हणान. माजा कायच आयकत नव्हते. चार राती मी डोळो लावक नाय." "तुमका सोडून तेंका थांबवणारो दुसरो कोणच नव्हतो. आणि तुमी माज्याशी दोन दिवस बोलल्यात नाय."

दत्तारामाच्या ओठांवर जुना प्रश्न आला, ह्या खरा की माजा मन राखूक सांगतस? त्याने तो गिळला. खड्डा आला म्हणून गाडी सावकाश घेतली, तेव्हा पल्लवीने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दत्तारामाने त्या हाताकडे वळून पाहिलं नाही.