चुड्याला जुळणारे केस

लोणावळ्यात आता बंगले राहिले नाहीत. सगळ्यांचे व्हिला झाले. बंगल्यात माणसं राहायची. व्हिलात पाहुणे राहतात आणि माणसं मागच्या खोलीत. 'निळाई' व्हिलाच्या तसल्याच मागच्या खोलीत सरुबाई राहायची. मूळची लोहगडवाडीकडची. नवरा गेला त्या वर्षी दिरानं घराला कुलूप घातलं, तेव्हापासून ही दहा बाय दहाची खोली हेच तिचं घर. तिची पोरगी कोमल याच खोलीतून नर्सिंगच्या कॉलेजात जायची. अजून एक वर्ष बाकी होतं. खोली गेली की ते वर्षही गेलं, इतका सरळ हिशेब.

मालक मुंबईला. त्यांना सगळे सर म्हणायचे. त्यांनी कुणाला काय शिकवलं ते देव जाणे. सरांचा नियम होता, पाहुण्यांच्या तीन तक्रारी आल्या की खोली रिकामी करायची. दोन आधीच जमा होत्या. पहिली, शेजारच्या वाडीतला कोंबडा पहाटे आरवतो. दुसरी, धुक्यामुळं दरी दिसत नाही. दोन्ही सरुबाईच्या नावावर लागल्या, कारण कोंबडा आणि धुकं पगारावर नव्हते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या सात पोरी आल्या. त्यातली चैताली नवरी. शनिवारी हळद, रविवारी लग्न, आणि आज गुरुवार. पूर्वी अशा वेळी केळवण करायचे, पाटावर बसवून ओटी भरायचे. आता पोरीला पाण्यात सोडतात आणि चहूबाजूंनी फोटो काढतात. चैतालीनं लग्नासाठी केस रंगवून घेतले होते. मक्याच्या कणसाची शेंडी असते ना, तसले सोनेरी.

सरुबाई रबरी टोप्यांची टोपली घेऊन पूलच्या काठाशी उभी राहिली.

"ताई, टोप्या घाला. क्लोरीन असतंय पान्यात, केसाचा काथ्या व्हतो."

"टोपी घालून फोटो कसा येणार मावशी? उकडलेल्या अंड्यासारखा?" चैताली म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

"बरं, नगा घालू. मग निदान आधी साध्या पान्यानं डोस्कं चिंब करा आन् घट्ट वेणी घाला. वाळलेलं फडकं जेवढं पितं, तेवढं ओलं न्हाई पीत. केसाचं बी तसंच. आन् बाहेर आलं की लगेच धुवा."

"इथं तर तेल लावा असं लिहिलंय," समीक्षा नावाची मैत्रीण फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

फोनमध्ये लिहिलंय म्हटल्यावर विषय संपला. पन्नाशीची बाई, सहा वर्षं पूलवर काम करते, तिला काय कळतंय? सातही जणींनी डोक्यावर तेलाची बाटली उपडी केली आणि धबाधब उड्या मारल्या. पाण्यावर असा तवंग आला, की वरणाला फोडणी बसली म्हणावं. तीन तास डुंबल्या. बाहेर आल्यावर केस न धुता उन्हात वाळवत बसल्या, कारण तसे विस्कटलेले केस म्हणे समुद्रकाठच्या बाईसारखे दिसतात. समुद्र साठ-सत्तर किलोमीटर लांब.

दुपारी चैतालीनं आरसा बघितला आणि जी किंकाळी फोडली, ती वाडीतल्या कोंबड्यानंही ऐकली असेल. केस हिरवे. थोडेथोडके नाहीत. मुळापासून शेंड्यापर्यंत शेवाळी हिरवे. बाकीच्यांचे केस काळे, त्यांच्यावर काही दिसलं नाही.

"अगं, चुडा हिरवाच भरणार ना? मॅचिंग होईल," एक जण हळूच बोलली. तिच्याकडं चैतालीनं असं बघितलं, की ती पोरगी उठून आत गेली ती जेवायलाच बाहेर आली.

समीक्षानं तिथल्या तिथं सरांना फोन लावला. सरांनी सरुबाईला लावला.

"तिसरी तक्रार, सरुबाई. टोप्या घालायला लावता येत नाहीत? उद्या खोली मोकळी करा."

"सर, संध्याकाळपातूर थांबा."

"संध्याकाळी काय होणार?"

"बघू की," ती म्हणाली आणि तडक पूलच्या मोटारघराकडं निघाली.

तिथं कैलास होता. नवलाख उंबरे गावचा. बापाची जमीन कारखान्यात गेली आणि कारखान्यानं पोराला आत घेतलं नाही, म्हणून आता तो अकरा व्हिलांचे पूल सांभाळायचा. शिक्षण फोनवरून, अर्ध्या तासाचं.

"कैलास, पान्यात काय टाकलंस?"

"क्लोरीन, मावशी."

"क्लोरीननं केस कडक व्हत्यात, हिरवं न्हाई व्हत. अजून काय?"

कैलास आभाळाकडं बघायला लागला. आभाळात काही नव्हतं.

"हळू बोल मावशी. उन्हानं शेवाळ धरत व्हतं. त्यात सरांचा रोज मेसेज, पानी फोटोतल्यावानी निळं पायजे. म्हनून आबा टमाट्यावर मारायचे ते मोरचूद टाकलं. जरासं."

"जरासं म्हंजी?"

"अर्धं घमेलं. पन निळं कसलं झालं, मोराच्या मानंवानी! सरांनी अंगठा पाठवला."

सरुबाईनं कपाळावर हात मारला. मोरचूद म्हणजे तांबंच की. पितळी घागरीच्या बुडाला ओल राहिली की जो हिरवा कळंक चढतो, तोच नवरीच्या डोक्यावर चढला होता. आणि घागरीचा कळंक कशानं जातो, हे सांगायला तिला फोन लागत नव्हता.

तिनं किलोभर चिंच कोमट पाण्यात भिजवली, कोळ काढला, गाळला आणि परसात पाट मांडला.

"ताई, बसा."

"हे काय? मी काय भांडं आहे?" चैताली रडत होती.

"आत्ता तरी हायसा. डोळे मिटा."

कोळ चोपडला, मुरू दिला, साध्या पाण्यानं धुतला. पहिल्या वेळी पाणी हिरवट उतरलं. दुसऱ्या वेळी कमी. तिसऱ्या वेळी केस पुन्हा पिवळे दिसू लागले. पहिल्यासारखं सोनं नाही, पितळेवर भागलं. पण मांडवात सोनं आणि पितळ कोण ओळखतो? चैतालीनं आरसा बघितला आणि सरुबाईच्या गळ्यात पडली, कोळासकट. समीक्षा हे सगळं फोनवर टिपत होती. तिनं लगेच सरांना धाडूनही दिलं, वर लिहिलं, 'गावरान हेअर स्पा'.

पाच मिनिटांत सरांचा फोन. सरुबाईचे हात चिकट, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर दाबला.

"वा सरुबाई! तक्रार रद्द. उद्यापासून प्रत्येक पाहुण्याला हा चिंचेचा स्पा द्यायचा, मी जाहिरातीत टाकतो."

"सर, त्यापरीस कैलासला मोरचूद टाकायचं बंद करायला सांगा. त्यानंच केस हिरवं झालं."

"आलं लक्षात. पण मग पाणी निळं कसं दिसणार? टाकू दे त्याला. हिरवं झालं तर तुम्ही आहातच धुवायला."

चैतालीनं डोक्यावरचा टॉवेल बाजूला केला. "मोरचूद म्हणजे काय?" तिनं मोठ्यानं विचारलं.

तिकडं सरांनी आवाज खाली आणला.

"सरुबाई… फोन स्पीकरवर आहे का?"

"व्हय सर. समद्या हितंच हायेत."

"बंद करा ते मोरचूद. आजच्या आज. पूल रिकामा करून पाणी बदला." सरांचा आवाज एकाएकी लोण्यासारखा झाला. "आणि खोलीचं मनावर घेऊ नका हं. राहा तुम्ही."

"किती दिस?"

"म्हणजे?"

"पोरीचं शिक्षन हुईस्तवर?"

"हो. होईस्तोवर."

"ताई, ऐकलं न्हवं तुमी?" सरुबाईनं विचारलं.

पोरींनी माना डोलावल्या. समीक्षा तर अजून शूटिंगच करत होती.