धाकट्याचा चाकू

बाबांच्या डाव्या खिशात एक घडीचा चाकू असतो, तपकिरी मुठीचा. तो माझ्या भावाने सहा वर्षांपूर्वी दिला. हे मला माहीत आहे, आमच्या गल्लीला माहीत आहे, आणि दुकानात खुर्ची मढवायला आणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत माहीत होतं. बाबा चाकू काढतात, तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "धाकट्याने दिलाय."

थोरलीने काय दिलं, हे कुणी विचारत नाही. थोरली समोरच बसलेली असते, तोंडात खिळे धरून, कुणाच्या तरी सोफ्याचं जुनं कापड उसवत. गेली आठ वर्षं दुकान मी चालवते, बाबांच्या गोळ्या मी सांभाळते. भाऊ वर्षातून दोनदा येतो, दोन दिवस राहतो, आणि तो निघाला की बाबांचे डोळे भरून येतात. माझ्यासाठी कशाला भरतील? मी जातेय कुठे? उघडच सांगते, त्या चाकूवर मी जळायचे. माणसावर जळावं तशी.

बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. म्हटलं, आता या चाकूची सद्दी संपवायची.

हत्यारांच्या दुकानदाराने विचारलं, काम काय? मी म्हटलं, वडिलांसाठी हवाय, काम रोजचंच. सुतळी कापायची, खिळा उपटायचा, सफरचंद सोलायचं. त्याने एक छोटा, हलका चाकू पुढे केला. पात्याला गोल भोक होतं, अंगठा घालून सहज उघडायचा. मला तो अगदीच किरकोळ वाटला. भावाच्या एका पात्यापुढे मी एकच पातं नेऊ? मी अकरा अवजारांचा उचलला. पक्कड, कात्री, पेचकस, करवत, सगळं एकात. दुकानदार म्हणाला, याची पाती घट्ट असतात, वडिलांच्या अंगठ्यात जोर आहे ना? मी फणकाऱ्याने सांगितलं, की त्या अंगठ्यांनी चाळीस वर्षं खुर्च्यांचे पट्टे ताणलेत, लोखंड आहेत ते.

बाबांनी तो हातात तोलून पाहिला. जड आहे, चांगला आहे, म्हणाले, आणि खणात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं आणि हात पुन्हा डाव्या खिशात गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी एका गरीब स्टुलाला मी गरजेच्या दुप्पट खिळे ठोकले.

आमच्या दुकानाची एक शिस्त आहे. दुसऱ्याच्या पात्याला हात लावायचा नाही. ज्याची धार त्याच्या हाताला बसलेली असते, ती दुसऱ्याने बिघडवायची नाही. लहानपणी यावरून मी बाबांचा मार खाल्लाय. म्हणून सहा वर्षांत तो चाकू मी एकदाही हातात घेतला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला गेले, पँट खुंटीवर होती, आणि मी शिस्त मोडली. एवढं काय सोनं लागलंय त्याला, ते बघायचं होतं.

खाचेत नख घालून ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं, नख तुटलं. शेवटी पकडीने धरलं तेव्हा अर्धवट उघडलं आणि गंजाची भुकटी माझ्या मांडीवर पडली.

हा चाकू उघडा कधी पाहिला होता? आठवेना. बाबा काढायचे, दाखवायचे, परत ठेवायचे. सुतळी आली की, "ताई, तेवढी काप, माझे हात भरलेत." सफरचंद आलं की, तू सोल, तुझं साल पातळ निघतं. आणि मी दर वेळी फुगायचे. म्हणजे या घरात कितीतरी दिवस फक्त माझंच पातं कापत होतं.

तेलाची कुपी हाताशीच होती. एक थेंब पुरला असता. मी चाकू तसाच मिटून खिशात ठेवला. जळकी ती जळकीच.

अकरा अवजारं मात्र परत नेली. दुकानदाराने तो भोकाचा चाकू काढून दिला. मी तो बाबांच्या बशीत सफरचंदाशेजारी ठेवला आणि पाठ फिरवून कामाला बसले. जरा वेळाने टक् असा आवाज आला. मग सोलण्याचा. साल चांगलं जाडजूड निघत होतं. एक फोड माझ्यापुढे आली आणि तिच्या शेजारी धाकट्याचा चाकू.

"याला तेल सोड जरा. दोन वर्षं अडकलाय."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

ते फोडीकडेच बघत होते. "धाकट्याला मी दोन दिवस दिसतो. तेवढं निभावतं. तू रोज बघतेस. अंगठ्यात जोर उरला नाही हे तुला कळलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बसवलं असतंच. गेल्याच महिन्यात, डोळे दुखतील म्हणून, मी त्यांची शिवणाची सुई काढून घेतली होती.

मी चाकूला तेल सोडलं. मग माझ्या डबीतून ती सुई काढली, दोरा ओवला आणि अर्धी शिवलेली गादी त्यांच्यापुढे सरकवली.

दुपारी गिऱ्हाईक आलं. बाबांनी दोन्ही चाकू दाखवले. आधी अर्थात धाकट्याचा. उघडून दाखवला तो माझा.