आबांची जीप

भावाकडून कागद लिहून घ्यायचा म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं, असं मंजुषाचं मत होतं. आणि मंजुषाचं मत एकदा झालं की ते बदलायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. तिचा नवरा रामकिसन चार वर्षं कानीकपाळी ओरडला, पण नवऱ्याचं ऐकलं तर ती मंजुषा कसली!

आबा, म्हणजे तिचे वडील, वारले तेव्हा दौलताबादच्या किल्ल्याखालची सीताफळाची बाग मागं राहिली. त्या भाऊबीजेला थोरल्या भावानं, तात्यासाहेबानं, ओवाळणीत साडी घातली आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला रजिस्ट्री ऑफिसात नेलं. हक्कसोडपत्र करायला. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात तिचं माहेर शाबूत राहायचं, अशी आपल्याकडची रीत. रीत कुणी काढली ते ठाऊक नाही, पण बहिणींनी नक्कीच काढलेली नाही. मंजुषानं न वाचता चार ठिकाणी सह्या केल्या. परत येताना तात्यासाहेबाला गहिवर आला.

"मंजे, आबांची जीप तू ने. आठवण म्हणून. गोठ्यात नुसती सडतीय."

जीप ट्रॅक्टरमागं बांधून चिकलठाण्याला तिच्या दारात आली. तळ गंजून गळालेला, मागच्या बाकावर कोंबड्यांची पिसं, इंजिनात उंदरांचा संसार. रामकिसन शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होता. ते काम नुकतंच सुटलं होतं आणि पन्नाशीचा गडी घरी बसला होता. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं तो म्हणाला खरा. पण मग त्यानं त्या घोड्याभोवती दोन चकरा मारल्या आणि बाह्या वर सारल्या.

पैसा नव्हता, वेळ रगड होता. जुन्या कूलरचा पत्रा कापून जीपला नवा तळ बसवला. गिअर भंगारातून किलोवर आणले, त्यातले निम्मे बसलेच नाहीत, ते परत किलोवर विकले. मंजुषा घरी ब्लाऊज शिवायची. त्याच मशीनवर तिनं टेम्पोची फाटकी ताडपत्री शिवून वरचा टप केला, त्यात तीन सुया मोडल्या. दुपारी शिवणकाम आटोपलं की पॉलिश पेपर घेऊन ती गंज घासत बसायची. गल्लीतल्या बायका हसायच्या. तिनं त्यांना खुशाल हसू दिलं.

गिअरशेजारचा दुसरा दांडा, पुढच्या चाकांनाही इंजिनाचं बळ जोडणारा, मात्र हलेना. "सोड तो," रामकिसन म्हणाला, "शेहरात कशाला लागती चारी चाकं?" तिनं ऐकलं नाही. लहानपणी बागेकडं जाताना चिखलाची चढण आली की आबा म्हणायचे, "मंजे, ओढ!" आणि ती दोन्ही हातांनी तो दांडा ओढायची. मग चारी चाकं जमीन धरायची आणि जीप हुंकार देत वर चढायची. तात्या मागं बसायचा. त्याला दांड्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्या एका दांड्यापायी पुढं अख्खं वर्ष गेलं, पण तो हलला.

"गाडीचं पुस्तक अजून आबांच्या नावावर हाय, अन् तेबी तुझ्या भावाच्या कपाटात," रामकिसन म्हणायचा. "आधी नावावर करून घे."

"दादानं शब्द दिलाय ना. शब्दाला सही लागती व्हय?"

मग भाच्याचं, ऋतुराजचं, लग्न निघालं. मंजुषानं ठरवलं की माहेरच्या दारात उतरायचं ते आबांच्या जीपमधूनच. इतकी वर्षं ती तिथं रिक्षातून उतरत आली होती. क्रांती चौकात सिग्नलला पोरांनी जीपचे फोटो काढले तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि मान ताठ धरली.

बागेच्या जागी आता तात्यासाहेबाचं लग्नाचं लॉन होतं. गेटापाशी मुरमाची बारकीशी चढण होती. रामकिसननं गाडी थांबवली. "ओढ," तो म्हणाला. गरज काही नव्हती, तरी तिनं ओढला. जीप चारी पायांनी वर चढली आणि मंजुषाला वाटलं, आपल्यासारखं सुखी या मांडवात कुणी नाही.

तात्यासाहेब धावत आला. बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, "आबाच आले म्हण की!" नवरदेवाला जीपमधून मारुतीला नेऊन आणलं. जेवणं झाली. मंजुषा निघायला उठली तसा तो हळूच म्हणाला, "गाडी राहू दे आता. गेटावर उभी करतो. पाव्हण्यांना फोटोला बरी."

"दादा, माझी गाडी हाय ती."

"तुझी कशी, मंजे? पुस्तक आबांच्या नावावर. अन् हक्कसोडीत स्थावर-जंगम सगळंच लिहिलंय. तुझ्याच सह्या हायेत." तो हसला. "गाडीबी त्यातच आली."

"सडत होती तवा न्हवती आली त्यात?"

"लगीनघरी भांडू नको. वहिनीनं पैठणी काढलीय तुझ्यासाठी."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा, तोंडभर हसतो आणि वर पैठणी देतो. रामकिसनच्या मुठी वळल्या. मंजुषाला राग आला, पण भावापेक्षा जास्त स्वतःचा. रामकिसन चार वर्षं सांगत होता. तिनं त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि भावापुढं धरली.

"मागची साडी अजून घडीचीच हाय. ही राहू दे. अन् भाऊबीजेला वाट बघू नको. त्या कागदात माहेर तेवढं सोडायचं राह्यलं होतं, तेबी आज सोडलं."

दोघं चालत रस्त्यावर आले आणि बसची वाट बघत उभे राहिले. मागून स्टार्टरचा आवाज आला. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. पुन्हा घरघरलं.

"चोक ओढला नाय," रामकिसन पुटपुटला. "बॅटरी उतरवतेत आता."

"उतरू द्या."

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. "जा, सांगून या," ती म्हणाली. "गाडीनं काय घोडं मारलंय कुणाचं?"

तो गेला. थोड्या वेळानं जीप दोनदा खोकली आणि मग एका लयीत चालू लागली. मंजुषानं तो आवाज शेवटपर्यंत ऐकला.

रामकिसन पँटीला हात पुसत परत आला.

"ऋतुराज विचारत होता, हा दुसरा दांडा कशाचा म्हणून."

"मग?"

"म्हणलं, आत्याला विचार."

इतका वेळ कोरडे राहिलेले मंजुषाचे डोळे आत्ता कुठं भरून आले.